तांबड्या दगडाचा ताळेबंद

लोखंड म्हटले की रूळ, तुळई, सळई, कोयता, तवा अशा वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु भूपृष्ठावर धातुरूपातले लोखंड निसर्गतः जवळजवळ कोठेच आढळत नाही, आणि जे थोडेफार आढळते त्यातले बरेचसे उल्कांबरोबर आकाशातून आलेले असते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. पाणी आणि हवा यांच्या सहवासात लोखंडाची स्वाभाविक आणि स्थिर अशी अवस्था एकच, आणि ती म्हणजे प्राणवायूशी झालेला त्याचा संयोग. कोकणातली तांबडी माती, जांभ्याचा चिरा, भिंतीला लावायचा गेरू, गोव्याच्या देवळांवरची काव, सुरजागडच्या डोंगरातले जड, पोलादी झाक असलेले खनिज आणि दाराच्या कडीवर चढलेला गंज ही सर्व त्या एकाच संयोगाची निरनिराळी रूपे होत. आपल्या सरकारी दप्तरात मात्र या पदार्थाला दोनच जागा मिळाल्या आहेत. जेथे तो विकण्याजोगा असतो तेथे तो टनांच्या आणि स्वामित्वधनाच्या रकान्यात जातो. जेथे विकण्याजोगा नसतो तेथे सातबाऱ्यावर पोटखराब्यात जमा होतो. या दोन्ही नोंदी अपुऱ्या आहेत, त्यांच्यामुळे एका फार मोठ्या ठेव्याचा हिशेब आपण चुकीचा मांडत आलो आहोत, आणि तो नव्याने मांडण्याचे काम आता लांबणीवर टाकता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोखंडाची ऑक्साइडे अनेक आहेत; पण व्यवहारापुरती तिघांची ओळख पुरेशी होते. लोखंडाचे दोन आणि प्राणवायूचे तीन अणू यांच्या मेळातून झालेले हेमॅटाइट अखंड दगडात काळपट दिसले तरी त्याची पूड केली की लालभडक होते. लोखंडाचे तीन आणि प्राणवायूचे चार अणू यांचे मॅग्नेटाइट काळे असून चुंबकाकडे ओढले जाते. आणि ज्याच्या घडणीत पाण्याचाही अंश शिरलेला असतो ते पिवळसर तपकिरी गोएथाइट भट्टीत तापवले की पाणी टाकून देऊन स्वतःच तांबडे हेमॅटाइट बनते. या पदार्थांच्या प्रचंड राशी पृथ्वीवर कशा साठल्या याची हकिकत तर जीवसृष्टीच्या इतिहासाशी निगडित आहे. आदिम समुद्रांत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे त्या काळी लोखंड पाण्यात विरघळलेल्या स्थितीत राहू शकत असे. पुढे सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या नीलहरित जीवाणूंनी प्राणवायू बाहेर टाकण्यास आरंभ केला, त्या प्राणवायूने विरघळलेल्या लोखंडाला गाठले, आणि न विरघळणारे ऑक्साइड होऊन ते समुद्रतळाशी बसू लागले. लोखंडाचा एक थर आणि सिलिकेचा एक थर अशी पट्टेदार रचना त्यातून निर्माण झाली. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास हे कार्य सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालले होते. वातावरणात प्राणवायू टिकून राहण्यापूर्वी त्याचा फार मोठा वाटा या लोखंडाने उचलला. बस्तरमधला बैलाडिला, त्याला लागून असलेल्या गडचिरोलीतले सुरजागड, कर्नाटकातले आणि गोव्यातले लोहडोंगर हे सर्व अशाच पट्टेदार खडकांचे आहेत. नंतरच्या दीर्घ कालखंडात पाण्याने त्यांतली सिलिका वाहून नेली आणि लोखंडाचे प्रमाण आणखी वाढले. ज्या खनिजाचा भाव आज आपण जागतिक बाजारात विचारतो, ते आपल्या श्वासातल्या प्राणवायूचे सहोदर आहे.

जांभ्याची कुळकथा याहून वेगळी आणि पुष्कळ अलीकडची. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन या कंपनी सरकारच्या वैद्याने आपल्या म्हैसूर, कानडा आणि मलबार प्रांतांतल्या प्रवासाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मलबारातल्या अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या एका विलक्षण दगडाला शास्त्रीय जगात नाव मिळवून दिले. खाणीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा आणि हवा-उन्हात राहिल्यावर कठीण होणारा हा दगड त्याला नवा असला तरी आपल्या किनारपट्टीतल्या माणसाला तो पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. कोकणातल्या घरांची जोती, विहिरींची बांधकामे, कुंपणाचे गडगे, देवळांच्या भिंती आणि कित्येक गडांचे तट याच चिऱ्यांचे आहेत. त्याची उत्पत्ती पावसाने केली. उष्ण प्रदेशात, जेथे वर्षातले चार महिने मुसळधार आणि उरलेले कोरडे असा क्रम लाखो वर्षे अव्याहत चालतो, तेथे मूळ खडकातले चुना, पोटॅश, सोडा असे विद्राव्य पदार्थ आधी आणि सिलिका त्यामागून पाण्याबरोबर निघून जाते. जे जाऊ शकत नाही ते लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहून एकमेकांना बिलगते. म्हणून जांभा सच्छिद्र असतो आणि म्हणूनच तो तांबडा असतो. पाचगणीचे टेबललँड, कासचे पठार आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले अथांग सडे हे या एकाच प्रक्रियेचे फळ आहे.

या दगडाची खरी कामगिरी त्याच्या सच्छिद्रतेत आणि त्यातल्या ऑक्साइडाच्या ग्रहणशक्तीत आहे, आणि तीच नेमकी हिशेबाबाहेर राहते. सड्यावर पडलेला पाऊस काही प्रमाणात भेगांतून आणि पोकळ्यांतून आत उतरतो व उतारावर, आगरांच्या वरच्या अंगाला, झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. पायथ्याच्या वाड्यांच्या विहिरी आणि पाट त्यावर चालतात. वरच्या अंगाला चिरेखाण निघाली आणि खालचा झरा आटला, अशी तक्रार कोकणात नवी नाही. लोखंडाच्या ऑक्साइडाचे कण अत्यंत सूक्ष्म असल्यामुळे त्यांचे पृष्ठफळ अफाट असते, आणि त्या पृष्ठावर अनेक पदार्थ चिकटून राहतात. जांभ्याच्या जमिनीत घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग ही ऑक्साइडे धरून ठेवतात आणि पिकाला तो सुखासुखी मिळू देत नाहीत, हे कोकणच्या शेतकऱ्याचे आणि कृषिशास्त्रज्ञाचे सारखेच दुखणे आहे. परंतु हाच गुण अन्यत्र जीवदायी ठरतो. गंगेच्या मुखाकडील प्रदेशात, बंगालमध्ये, वाळूच्या कणांवरचे ऑक्साइडाचे पातळ आवरण विषारी सोमल, म्हणजे आर्सेनिक, पकडून बसलेले असते. जमिनीत गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्याने तेथला प्राणवायू संपला की जीवाणू ते आवरण विरघळवतात, आणि मोकळे झालेले विष कूपनलिकांच्या पाण्यात उतरते. कोट्यवधी लोकांच्या आरोग्याचा घात करणाऱ्या या संकटावर शोधलेल्या उपायांतही लोखंडाचे ऑक्साइडच कामी आले आहे. चेन्नईच्या आयआयटीत विकसित झालेल्या गाळणीत अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपातले लोहऑक्साइड वापरून पाण्यातला सोमल काढून घेतला जातो. जो पदार्थ भूगर्भात पहारेकऱ्याचे काम करतो त्याला आपण मातीमोल म्हणतो, याचे मला वाईट वाटते.

आता त्या सड्यांकडे महसूल खात्याच्या दृष्टीने पाहू. उन्हाळ्यात तेथे काही नसते; तापलेला काळा-तांबडा कातळ, करपलेले गवत आणि क्वचित एखादे गुरू चरताना दिसते. लागवडीस अयोग्य म्हणून तो पोटखराबा ठरला, यात जमाबंदी करणाऱ्या अंमलदाराचा दोष नव्हता. त्याला शेतसारा ठरवायचा होता आणि कातळावर सारा बसत नाही. पण पावसाळ्यात त्याच कातळावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचते, वीतभर मातीच्या थरावर फुलांचे ताटवे उमलतात, आणि पोषणद्रव्यांचे दारिद्र्य असलेल्या त्या भूमीत कीटक पकडून उपजीविका करणाऱ्या दवबिंदूसारख्या वनस्पती वाढतात. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कासचा समावेश झाला तो याच जांभ्याच्या पठारावरच्या सृष्टीमुळे. कोकणच्या सड्यांवर आणखी एक ठेवा आहे. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, रुंढे तळी, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातले कुडोपी येथील कातळशिल्पे, गोव्यातल्या पणसायमळच्या शिल्पांसह, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाली. जांभा कापायला मऊ म्हणून ती कोरली गेली आणि नंतर कठीण होतो म्हणून ती टिकली. देवाचे गोठणे येथील शिल्पाजवळ होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते असे पाहणाऱ्यांना आढळले आहे. लोखंडाने भारलेल्या कातळात अशी चमत्कृती घडावी हे स्वाभाविकच. ही सर्व संपत्ती ज्या गटनंबरात आहे त्याच्या उताऱ्यावर तिचा उल्लेख शोधू गेल्यास मिळत नाही, आणि कागदावर रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवर मोठमोठे प्रकल्प मांडण्याचा मोह सहज होतो; २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती-परीक्षणाच्या वेळी जो संघर्ष उभा राहिला त्यामागे अन्य कारणे असली तरी हेही एक कारण होते, असे मी मानतो.

मनुष्याने लोखंडाचा धातू ओळखण्याच्या कितीतरी आधी त्याच्या ऑक्साइडाशी सख्य केले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १,००,००० वर्षांपूर्वी गेरू वाटून, त्यात अन्य द्रव्ये मिसळून शंखांच्या पात्रात ठेवल्याचा पुरावा मिळाला आहे, आणि तेथेच सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या गेरूच्या खड्यावर रेघांची नक्षी कोरलेली सापडली आहे. भीमबेटक्याच्या शैलाश्रयांतली तांबडी चित्रे याच रंगाची. अजिंठ्याच्या चित्रकारांना निळ्यासाठी दूरदेशीच्या लाजवर्दी खड्याची वाट पाहावी लागली असेल. लाल आणि पिवळ्यासाठी लोहयुक्त मातीच पुरेशी होती. हे रंग उडाले नाहीत याचे कारण त्यांच्या रसायनातच आहे. रंग बहुधा हवेतल्या प्राणवायूने आणि प्रकाशाने बिघडतो. पण जे द्रव्य प्राणवायूशी आधीच पूर्णपणे संयोग पावलेले आहे त्याचे हवा आणखी काय बिघडवणार? गोवा आणि दक्षिण कोकणातल्या देवळांत कावी कामाची जी परंपरा होती, तिच्यात चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो कोरून आतला शुभ्र भाग उघडा करीत; समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत आणि कोकणच्या पावसात ती भित्तिचित्रे शतकभराहून अधिक काळ उभी राहिली. त्यांच्यापैकी कित्येक जीर्णोद्धाराच्या नावाखाली फरशी आणि तैलरंगाखाली गाडली गेली आहेत, आणि त्या कलेचे जाणते गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. वारली घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीची कीर्ती जगभर गेली हे समाधानाचे खरे. कावीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

उद्योगात हा पदार्थ इतक्या ठिकाणी शिरलेला आहे की त्याची मोजदाद करणे व्यर्थ होय. लोहारकाम करणाऱ्या प्रत्येक दुकानात नव्या फाटकाला प्रथम जो तांबडा हात दिला जातो तो रेड ऑक्साइडचा. आपल्या जुन्या घरांतल्या गुळगुळीत लाल कोब्याची फरशी त्याचीच. त्वचेला लावायच्या कॅलामाइनचा फिकट गुलाबीपणा त्याच्याच अल्पांशाने येतो. भिंगे आणि आरसे घासून चकचकीत करण्याची लाल पूडही तीच. १८९५ साली हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनज्ञाने लोखंडाच्या ऑक्साइडात ॲल्युमिनियमची भुकटी मिसळून पेटवण्याची कृती सिद्ध केली. ॲल्युमिनियम प्राणवायू हिसकावून घेते, क्षणार्धात वितळलेले लोखंड मोकळे होते, आणि त्याच पद्धतीने आजही आपल्या रेल्वेचे रूळ जागेवर सांधले जातात. टेपरेकॉर्डरच्या फितीवर जो तपकिरी लेप असतो तोही लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडाचा. आकाशवाणीच्या संग्रहातले गायन-वादन अनेक दशके या लेपाच्या आधाराने जिवंत राहिले, आणि फितीवरचा लेप सुटू लागण्यापूर्वी ते उतरवून घेण्याची धडपड संग्राहकांना करावी लागली.

या सर्वांत एक उपयोग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या ताटातल्या अन्नाशी संबंधित आहे. हवेतल्या नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करण्याची फ्रिट्झ हाबर याची कृती प्रयोगशाळेत यशस्वी झाली तेव्हा तिला ऑस्मियमसारखा दुर्मीळ धातू उत्प्रेरक म्हणून लागत होता, आणि तेवढ्या दुर्मीळ द्रव्यावर उद्योग उभारणे अशक्य होते. बीएएसएफ या कारखान्यातला आल्विन मित्ताश हा हजारो नमुने चिकाटीने तपासत असता १९०९ च्या सुमारास स्वीडनच्या खाणीतल्या मॅग्नेटाइटचा एक खडा अनपेक्षितपणे उत्तम ठरला. त्या खड्यात निसर्गतःच मिसळलेल्या अन्य द्रव्यांच्या अल्प अंशामुळे त्याची कार्यक्षमता वाढली होती, हे ध्यानात घेऊन मित्ताशने ॲल्युमिना, पोटॅश यांचे मिश्रण करून उत्प्रेरक सिद्ध केला, आणि १९१३ साली ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला. अलिबाग तालुक्यातल्या थळच्या कारखान्यात युरियासाठी लागणारा अमोनिया तयार होतो तो याच कुळातल्या पद्धतीने. मॅग्नेटाइटचा प्राणवायू काढून घेतल्यावर मागे राहणारे सच्छिद्र लोखंड तेथे काम करते, आणि खरिपाच्या हंगामात शेतकरी जी पोती खांद्यावरून नेतो त्यांचे मूळ त्या काळ्या दगडापर्यंत जाऊन पोहोचते.

धातू मिळवण्याची गोष्ट करायची तर विदर्भाला मोठा मान दिला पाहिजे. मध्य भारताच्या जंगलांत आगरियांसारख्या जमाती मातीच्या लहान भट्ट्यांत, लाकडी कोळशावर आणि पायाने दाबायच्या भात्यांवर खनिजातून लोखंड काढीत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली आगरियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तेव्हा ती विद्या मावळतीला लागली होती. भट्टीतला कोळसा जळताना जो कार्बन मोनॉक्साइड वायू होतो तो खनिजातला प्राणवायू काढून घेतो, आणि धातू मोकळा होतो. आजच्या प्रचंड झोतभट्टीतही मूळ तत्त्व हेच आहे. १८८२ साली, नागपूरची एम्प्रेस मिल सुरू होऊन पाच वर्षे झाली असताना, जमशेटजी टाटा यांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहखनिजाविषयीचा अहवाल आला. लोहारा गावचे खनिज उत्तम आणि वरोऱ्याची कोळशाची खाण जवळ, असा योग तेथे दिसत होता. पण वरोऱ्याचा कोळसा झोतभट्टीच्या कामाचा ठरला नाही, आणि तत्कालीन खाणनियमही जाचक होते. विचार मात्र जमशेटजींच्या मनातून गेला नाही. १९०४ मध्ये दोराबजी टाटा आणि सी. एम. वेल्ड यांनी चांद्याच्या रानात पुन्हा शोध घेतला, निराश झाले, आणि अशाच मनःस्थितीत नागपूरच्या सचिवालयात गेलेले दोराबजी समोरच्या अजब बंगल्यात, म्हणजे वस्तुसंग्रहालयात, शिरले. तेथल्या भूवैज्ञानिक नकाशावर द्रुग जिल्ह्यातल्या लोखंडाच्या खुणा त्यांना दिसल्या. त्या खुणा प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीतल्या होत्या, आणि दल्ली-राजहराच्या त्याच डोंगरांवर पुढे भिलाईचा कारखाना चालला. बोस यांच्याच पत्राने टाटांना मयूरभंजचे खनिज सापडले, आणि १९१२ साली साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलाद निघाले. चांद्याचे लोखंड मात्र डोंगरातच राहिले.

ते राहिले म्हणून काही बिघडले नाही, आणि येथे माझ्या प्रतिपादनाच्या मुख्य सूत्रापाशी मी येतो. भट्टीत आपण जो प्राणवायू काढून घेतो तो निसर्ग परत मागतो. एक टन पोलाद करताना झोतभट्टीच्या मार्गाने साधारण दोन टन कार्बन डायॉक्साइड हवेत जातो. इतकी किंमत मोजून मिळवलेला धातू गंजण्यासाठी केवळ ओल आणि हवा पुरते. मुंबईच्या समुद्रकाठी सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींचे गिलावे फुगून पोपडे पडतात आणि सळ्या उघड्या होतात, ते याच परतीच्या वाटेवरचे दृश्य आहे. ताज्या काँक्रीटच्या क्षारधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडाचे अत्यंत पातळ, घट्ट आवरण चढते आणि तेच तिचे रक्षण करते. खाऱ्या हवेतले क्लोराइड आत शिरले की ते आवरण तुटते, गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो, आणि आतूनच काँक्रीट फोडतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षे उभा आहे तो त्याला गंज लागत नाही म्हणून नव्हे. त्यातल्या फॉस्फरसमुळे जे आवरण प्रथम चढले ते घट्ट बसून राहिले, असे कानपूरच्या आयआयटीतल्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनाने दाखवले. तात्पर्य, धातुरूप लोखंड ही आपण काही काळापुरती केलेली उसनवारी आहे. डोंगरातले ऑक्साइड हे मूळ भांडवल आहे. उसनवारी करू नये असे मी म्हणत नाही. पोलादावाचून पूल नाहीत, रुग्णालये नाहीत, नांगर नाहीत. पण भांडवल मोडून आलेली रक्कम चालू वर्षाच्या उत्पन्नात लिहिणारा कारकून ज्या दप्तरात असतो, ते दप्तर फार काळ सुस्थितीत राहत नाही.

गोव्याचा अनुभव यासंबंधी आपल्या डोळ्यांसमोर आहे. पोर्तुगीज अमदानीत खाणींच्या सनदा दिल्या गेल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला निर्यात वाढली, आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतले खनिज बार्जीतून मांडवी-जुवारीच्या पात्रांतून मुरगावला जाऊ लागले. चीनची मागणी चढत गेली तसे ज्या हलक्या प्रतीच्या खनिजाला पूर्वी कोणी विचारीत नव्हते तेही विकले जाऊ लागले, आणि २०१०-११ च्या सुमारास वर्षाची निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली. टाकाऊ मातीचे डोंगर उभे राहिले, त्यांचा गाळ पावसाबरोबर भातशेतीत आणि ओहोळांत उतरला, रस्त्यांच्या कडेची घरे-झाडे तांबड्या धुळीने माखली. २०१२ साली काम थांबले. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरवले, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीच्या रकमेतला १० टक्के भाग भावी पिढ्यांसाठी एका कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला; २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले. या निकालांमुळे हजारो कुटुंबांचा चरितार्थ एकदम बुडाला, हे दुःख खरे आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. परंतु त्या १० टक्क्यांच्या आदेशात जो विचार आहे तो मला आपल्या काळातला एक मौलिक अर्थविचार वाटतो: खनिज हे उत्पन्न नसून वारसा आहे, आणि वारसा विकला तर त्याचे मोल तरी मुद्दल म्हणून शाबूत राहिले पाहिजे.

महाराष्ट्राने हा विचार गोव्यापासून घ्यावा, आणि तो आताच घ्यावा. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर सुमारे ३४८ हेक्टरांचा पट्टा २००७ साली मंजूर झाला. दीर्घकाळ रखडलेले काम २०२१ पासून जोमाने सुरू झाले, आणि वर्षाला ३० लाख टनांची परवानगी २०२३ मध्ये १ कोटी टनांपर्यंत वाढवण्यात आली. त्याच डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे आणि दरवर्षी जत्रा भरते. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान गडचिरोलीतही आहे. पण त्याचा पैसा रस्ते, पाणी, दवाखाने यांवर खर्च होण्यासाठी असतो, मुद्दल राखण्यासाठी नव्हे. म्हणून स्वामित्वधन आणि प्रतिष्ठानाच्या वर्गणीशिवाय विक्रीच्या रकमेतला निश्चित हिस्सा कायम निधीत जावा, त्याचे केवळ व्याज खर्चावे, आणि त्या खर्चावर त्या त्या मुलखातल्या ग्रामसभांचा अधिकार असावा. गडचिरोलीला आज रोजगार हवा, निधी कशाला, असे विचारणारे विचारतील. रोजगार खाणीबरोबर येतो आणि खाणीबरोबर जातो, हे गोव्यात दिसलेच आहे. निधी मागे राहतो. दुसरी गोष्ट टाकाऊ मानलेल्या खनिजाची. भारतीय खाण ब्युरोने, ज्याचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, हेमॅटाइटमध्ये लोखंडाचा किमान अंश ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणला, म्हणजे काल जे फेकण्याजोगे होते ते आज खनिज ठरले. कोळशाऐवजी हायड्रोजनने प्राणवायू काढण्याचे प्रयोग स्वीडनमध्ये चालू आहेत; त्यांतून उद्या कोणत्या प्रतीचा दगड मोलाचा ठरेल हे आज सांगता येत नाही. घाईने निवडक खनिज उचलून उरलेल्याची उतारावर रास घालणे हे म्हणूनच भावी पिढीच्या मालावरचे अतिक्रमण आहे.

सड्यांच्या बाबतीत उपाय याहून सोपा आणि स्वस्त आहे. महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम २०१३ चे आहेत. चिऱ्याची परवानगी देताना ब्रास, क्षेत्र आणि स्वामित्वधन यांची चौकशी होते, पण त्या कातळावर कोणता झरा अवलंबून आहे, कोणते खळगे पाण्याने भरतात, कोणती शिल्पे कोरलेली आहेत, हे विचारणारा रकाना अर्जात असला पाहिजे. घर बांधणाऱ्याला चिरा मिळू नये असे कोणीही म्हणणार नाही. जांभ्याचे घर कोकणात थंड आणि टिकाऊ असते आणि तो दगड तेथलाच आहे. खाण कोठे काढावी आणि कोठे काढू नये एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पावसाळ्यातच मिळते. ऑगस्ट-सप्टेंबरात खरिपाच्या पीकपाहणीसाठी २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून शेताचे छायाचित्र घेऊन नोंद करतात, आणि त्यावर तलाठ्याची तपासणी होते. त्याच महिन्यांत, त्याच साधनाने, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या प्रत्येक सड्याची नोंद होऊ शकते: पाणी कोठे साचले, कोठे आत गेले, कोठून बाहेर पडले, काय उगवले, काय कोरलेले आहे. ती नोंद सातबाऱ्यावर पोटखराब्याच्या शेजारी दिसावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत त्या गटनंबरात नव्या चिरेखाणीची अथवा अन्य प्रकल्पाची परवानगी तहसीलदारांनी देऊ नये.